चौदावा तक्ता

सोल्यानी यार, ९ ऑक्टोबर १९७८

वेन्या,

आज मी इतकी खुशीत आहे की प्रयोगशाळेतल्या फाइनानं विचारलंच, "आग्निया साव्हेल्येव्ना, लग्नबिग्न ठरलं की काय?" म्हटलं, "लग्न नाही गं, एकाची मयत ठरली आहे." बिचारी घाबरून चहा ठेवायला पळाली.

खाणीच्या वाचनालयात एरास्त ग्लेबोविच तुमानोवचं नवं पुस्तक आलं. चारशे पानं, निळी बांधणी, आत साहेबांचा फोटो. पाण्यात दोन-तीन क्षार एकदम असले तर कुठला किती विरघळेल, हे आधीच सांगणारं समीकरण म्हणे त्यांनी बसवलं आहे. वाचनालयवाली म्हणाली, "तुमच्याच विषयातलं दिसतंय, पहिल्यांदा तुम्ही न्या." घरी आणलं, स्वैपाकघरात उभ्या उभ्याच उघडलं, आणि उभीच राहिले.

तक्ते माझे आहेत, वेन्या. सगळे. लेनिनग्राडला तुमच्या संस्थेच्या तळघरातल्या त्या थंड खोलीत सात वर्षं मी ज्या बाटल्या ढवळल्या, त्यांचे आकडे. बाकीचे कुणी नव्यानं मोजले असतीलही म्हणून मी गप्प बसले असते. पण चौदावा तक्ता तसा नाही.

तू काच फुंकणारा माणूस, म्हणून सोपं करून सांगते. आमच्या खाणीत पांढरं मीठ असतं आणि लालसर कार्नलाइट, दुसरा एक क्षार, असतं. पांढरं मीठ पोटभर खाल्लेलं पाणीसुद्धा कार्नलाइट खातच राहतं. ते कधी थांबतं? पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार पुरेसा जमला की. तो 'पुरेसा' म्हणजे किती, हे दहा अंशांना, म्हणजे खाणीतल्या गारठ्यात, मी मोजत होते. त्यासाठी एकवीस दिवस ढवळावं लागतं. सहासष्टच्या मे महिन्याच्या सुट्टीत वीज गेली आणि चौथ्या दिवशीच ढवळणी बंद पडली. सुट्टीवरून येऊन मी मोजलं, शेकडा एकवीस आलं. पाण्याचं खाणं अजून संपलंच नव्हतं, मीच मध्ये ताट उचललं होतं. तिसऱ्या वहीत समासात पेन्सिलीनं तसं लिहिलं आणि चौथ्या वहीत पुन्हा करून घेतलं. खरा आकडा पंचवीस.

तिसरी वही माझ्या कपाटातून नाहीशी झाली. "सरकारी काम निष्काळजीपणे हरवलं" असा शेरा तुमानोवनं, तेव्हाच्या माझ्या साहेबानं, मारला आणि मला इकडे पाठवलं. दोन वर्षांनी आई गेली तेव्हा कामा नदी गोठत होती, बोट बंद, रस्ता बंद. आईला, तुझ्या मावशीला, माती द्यायला तू होतास, मी नव्हते.

आणि आता चोरानं तो एकवीसचा आकडा दोन दशांश स्थळांसकट छापला आहे! समास तेवढा छापलेला नाही. त्याचं सगळं समीकरण दहा अंशांना त्या चुकीच्या आकड्यावर उभं आहे.

चौथी वही माझ्या ट्रंकेत आहे. मला एवढंच कळव की हा माणूस आता कुठल्या खुर्चीच्या दिशेनं चाललाय. तो बसायच्या क्षणी मला ती खुर्ची ओढायची आहे.

आग्निया

•

लेनिनग्राड, ३० ऑक्टोबर १९७८

आग्नुषा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चुलीत टाकलं. घाबरून नाही, सवयीनं.

विचारलंस म्हणून सांगतो. तुमानोवचं नाव अकादमीच्या सदस्यपदासाठी पुढे गेलं आहे. चौदा मार्चला मोठी सभा आहे, बाहेरगावचे पाहुणे, फळ्यावर समीकरण, टाळ्या. आमच्या कार्यशाळेला आत्तापासून हुकूम आलाय की सभेत मांडायला काचेची भांडी चकचकीत हवीत. भांड्यात पाणीच असणार, पण चकचकीत.

तुझा राग मला कळतो. पण बारा वर्षं झाली. तो म्हातारा झालाय, जिन्यावर दोनदा थांबतो. तू त्याला साधं पत्र का लिहीत नाहीस? 'चौदाव्या तक्त्यात चूक आहे' एवढंच. तो पुढच्या आवृत्तीत सुधारेल आणि तुझीही झोप सुधारेल.

आणि ती तिसरी वही आता शोधू नकोस. अशा गोष्टी सापडत नाहीत.

मावशीच्या कबरीवरचं गवत काढलं, कठड्याला रंग दिला. खोलीची खिडकी या वर्षीही गळते आहे.

वेन्या

•

सोल्यानी यार, २१ नोव्हेंबर १९७८

वेन्या,

वा रे वा! साधं पत्र लिहू? म्हणजे तो 'खाणीतल्या सहकाऱ्यांचे आभार' असं तळटिपेत लिहील, आकडा बदलेल आणि हसत हसत खुर्चीत बसेल. मला त्याचे आभार नकोत. त्यानं फळ्यासमोर खडू हातात धरून घाम पुसलेला मला बघायचा आहे.

मी पुन्हा मोजलं. नवी बाटली, दहा अंश, एकवीस दिवस. फाइनानं आणि मी आळीपाळीनं पहारा दिला. आज सकाळी आकडा आला. पंचवीस पूर्णांक तीन. मी फाइनाला मिठीच मारली. ती म्हणाली, "एका आकड्यासाठी एवढं? माझ्या मकारनं लग्नाचं विचारलं तेव्हा मीसुद्धा एवढी उडी मारली नव्हती." मकार तिचा नवरा, आमच्याच खाणीत यंत्रानं मीठ कापतो. अस्वलासारखा माणूस, पण बायकोपुढे मांजर.

मार्चची रजा टाकली आहे. शिंपिणीकडे गडद हिरवं कापड दिलं आहे. मी तिसऱ्या रांगेत बसेन. सगळं बोलून झाल्यावर हात वर करून एकच प्रश्न विचारेन: चौदाव्या तक्त्यात ढवळणी किती दिवस चालली? तो 'एकवीस' म्हणेल, कारण दुसरं काही त्याला ठाऊकच नाही. मग मी चौथी वही उघडेन.

वही कुणी पळवली यावर मी पुष्कळ विचार केला. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात, दुसरी घरी आईच्या बटणांच्या डब्यात. कपाट फोडलेलं नव्हतं. माझा संशय झाडूवाल्या क्लाव्हावर आहे. ती माझ्या गळ्यातली किल्ली बघायची. तुमानोवनं तिला काहीतरी चारलं असणार. तिला गाठून बोलतं कर. तिचाही नंबर लागेल.

आग्निया

•

लेनिनग्राड, १४ डिसेंबर १९७८

आग्नुषा,

क्लाव्हा तीन वर्षांपूर्वी वारली. मेलेल्या बाईवर आळ घेऊ नकोस. ती साधी होती, तिला वही आणि वर्तमानपत्र यांतला फरकही कळत नसे.

परवा तुमानोव स्वतः कार्यशाळेत आला. भांडी बघितली, मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "वेनियामिन, तुझी ती बहीण हल्ली कुठे असते?" म्हटलं, "मिठात." "बरी आहे ना?" "मिठात वस्तू टिकतात, एरास्त ग्लेबोविच." तो हसला नाही. हातातलं भांडं खाली ठेवून गेला.

एक गोष्ट तुला कळायला हवी. त्याच्या समीकरणाचं परिपत्रक संस्थेनं सगळ्या पोटॅश खाणींना पाठवलं आहे. खाणीत कुठे पाणी झिरपलं तर त्याचे आकडे समीकरणात घालायचे, आणि ते पाणी भिंती खाईल की नाही हे ठरवायचं. तुमच्याकडेही येईल. आता ही नुसती खुर्चीची गोष्ट राहिली नाही. सभेची वाट बघू नकोस, तुझ्या पाया पडतो.

वेन्या

•

सोल्यानी यार, २२ फेब्रुवारी १९७९

वेन्या,

तुला दोन महिने उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं मनात काही चांगलं नव्हतं.

परिपत्रक आलं. आणि सोमवारी ईशान्येच्या पट्ट्यात छतातून पाणी टपकायला लागलं. फार नाही, माणूस रडतो तेवढं. नमुना माझ्याकडे आला. मॅग्नेशियमचा क्षार शेकडा बावीस. मी आकडा लिहिला, शिक्का मारला. मुख्य अभियंता पोर्फिरी लुकिच यांनी समीकरणात घातला आणि खूश होऊन आले. "आग्निया साव्हेल्येव्ना, प्रोफेसर म्हणतात पोट भरलेलं पाणी आहे! एकवीसच्या वर आहे, आता चमचाभरही खाणार नाही. करा इथे सही."

इथे म्हणजे निष्कर्षाखाली. 'द्रावण संपृक्त, धोका नाही, काम चालू ठेवावे.'

मी सही केली.

तुला वाटतं तितकी मी दगड नाही. मी हिशेब केला. छत पेलणारे मिठाचे खांब जाड आहेत, झिरपणं थोडं आहे, सभेला तीन आठवडे आहेत. आज बोलले तर पोर्फिरी लुकिच लेनिनग्राडला फोन लावतील, तुमानोव फोनवरच "हो हो, टंकलेखनाची चूक" म्हणेल, आणि चौदा मार्चला फळ्यावर पंचवीस लिहून उभा राहील. बारा वर्षं मी या मिठात काढली. तीन आठवडे पाणी थांबू शकत नाही?

हिरवा पोशाख शिवून आला आहे. कमरेत सैल होतो.

आग्निया

•

लेनिनग्राड, १ मार्च १९७९

आग्नुषा,

सभा पुढे गेली. तुमानोवला छातीत दुखलं म्हणून रुग्णालयात ठेवलंय. नवी तारीख पंचवीस एप्रिल. म्हणजे तुझे तीन आठवडे आता आठ झाले.

तू थांबशील. मी तुला ओळखतो, तू थांबशील. म्हणून आज जे लिहितोय ते वाचून तुझा राग सगळा माझ्यावर काढ, आणि ती सही मागे घे.

वही क्लाव्हानं नेली नाही. मी नेली.

मी तेव्हा प्स्कोवकडच्या खेड्यातून आलेला, तुमच्या खोलीत पडद्यामागे झोपणारा पाहुणा. शहरात राहायचा शिक्का नव्हता, पोलिसांनी दोनदा बजावलं होतं. तुमानोवनं मला बोलावलं. म्हणाला, "तुझ्या बहिणीची तिसरी वही मला दोन दिवस बघायला हवी, ती उगाच अडून बसली आहे. कार्यशाळेत जागा आहे, शिक्क्याचं मी बघतो." बटणांच्या डब्यातून किल्ली घेतली. दोन दिवसांनी वही परत मागितली तर म्हणाला, "कसली वही?" मग तुझी चौकशी लागली. मी तोंड उघडलं असतं तर शिक्का गेला असता, नोकरी गेली असती. मी उघडलं नाही. तुला पाठवलं आणि तुझ्या पलंगावर मी झोपायला लागलो.

मावशीला कळलं होतं. डब्यात किल्ली उलटी ठेवली गेली होती, त्यावरून. तिनं मला एकदाच विचारलं, मी खोटं बोललो, तिनं पुन्हा विचारलं नाही. शेवटपर्यंत माझ्या हातून सूप प्यायली. तिची सेवा मी प्रेमानं केली की भीतीनं, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

शपथेवर लिहितो: हे सगळं खरं आहे. खाली पूर्ण नावानं सही करतो, म्हणजे तुला संशय नको.

वेनियामिन तिखोनोविच झुबारेव

•

सोल्यानी यार, ८ एप्रिल १९७९

वेनियामिन,

तुझं पत्र नऊ मार्चला मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं, तेव्हा तुझ्यामुळे मी शहाणी झाले असं समजू नकोस.

चार मार्चला दुसरा नमुना आला. पाणी दुप्पट वेगानं टपकत होतं आणि मॅग्नेशियम अजून बावीसच. पोट भरलेलं पाणी असतं तर प्रश्न नव्हता. पण मला ठाऊक होतं की ते भरलेलं नाही. म्हणजे नवं पाणी येतंय आणि वाटेत कुठेतरी भराभर खात येतंय. पाच तारखेला सकाळच्या पाळीला मी शिरस्त्राण चढवलं आणि स्वतः खाली गेले.

मकार जेवत होता. खांबाला पाठ टेकून, मांडीवर उकडलेले बटाटे. मला बघून उठायला लागला, "अरे, बाईसाहेब खाली? बसा, काकडी घ्या." त्याच्या डोक्याच्या वर खांबात कार्नलाइटचा लाल थर होता, त्याला मी हात लावला. वर पांढरं मीठ पापडासारखं, आत काही नाही. हात कोपरापर्यंत गेला. आत थंड वारा लागत होता, वेनियामिन. खांबाच्या आत वारा.

मी ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर!" माणसं निघाली. मकार म्हणाला, "यंत्र सोडून कसा येऊ? नवं आहे, माझ्या नावावर आहे." मी त्याचा कोट ओढला, त्यानं हसत माझी बोटं सोडवली. यंत्र मागे घेताना छतातली मिठाची लादी सुटली आणि त्याच्या डाव्या पायावर आली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठ दिवसांनी ईशान्येचा तो सगळा पट्टा खचला. आत कुणी नव्हतं.

पोर्फिरी लुकिच माझ्यापुढे कागद आपटून म्हणाले, "ही सही कुणाची?" म्हटलं, "माझी. आणि सही करताना मला माहीत होतं." त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. त्यांनी पाणी मागवलं. मी लिहूनच दिलं.

फाइना त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. रुग्णालयात मी गेले तर दारात उभी राहिली. एवढंच म्हणाली, "ऑक्टोबरपासून? मी तुमच्याबरोबर ती बाटली ढवळली, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

चौकशी आयोग तीस मार्चला बसला, खाणीच्या कचेरीत. तुमानोवला रुग्णालयातून उठवून आणलं होतं. माझ्या स्वप्नातली सभा अशी नव्हती. फळा नव्हता, टाळ्या नव्हत्या, मी कामाच्या झग्यात होते. मी विचारलं, "चौदाव्या तक्त्यात ढवळणी किती दिवस चालली, एरास्त ग्लेबोविच?"

"एकवीस. नेहमीप्रमाणे."

"चार. पाचव्या दिवशी आले तेव्हा बंद होती. तिसऱ्या वहीच्या समासात लिहिलं आहे."

"कुठली तिसरी वही?" तो अध्यक्षांकडे वळला. "बाई हीच वही हरवल्याबद्दल तर इथे आल्या. पुरावा काय?"

त्याचं बरोबर होतं. चौथ्या वहीनं आकडा सिद्ध होत होता, चोरी नाही. माझ्याजवळ एकच पुरावा होता, पूर्ण नावानं सही केलेला.

मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचलं. पडदा, किल्ली, शिक्का, आईचं सूप, सगळं. तुमानोव चष्मा काढून पुसत बसला, पुन्हा घातलाच नाही. शेवटी म्हणाला, "फेब्रुवारीत तुम्हाला चूक माहीत होती. म्हणजे आपण दोघं सारखेच, आग्निया साव्हेल्येव्ना."

मी म्हटलं, "असू. मी लिहून दिलं आहे. आता तुम्ही द्या."

दिलं त्यानं. गुळगुळीत टेबलावर कागद सरकत होता, म्हणून मला तो धरावा लागला. इतकी वर्षं वाटायचं, तो क्षण आला की मी पोटभर हसेन. मी कागद धरून उभी होते आणि मला मकारचे सांडलेले बटाटे दिसत होते.

तुझं पत्र आता सरकारी फायलीत आहे. एक प्रत तुमच्या संस्थेत गेली. तू माझ्यावर राग काढायला सांगितलंस, मी काढला. तुझं काय होईल हे मला पत्र टेबलावर ठेवताना ठाऊक होतं. हे वाक्य तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते आहे: ठाऊक होतं.

मला प्रयोगशाळेतून काढलं. आता मी खाली उतरून पाण्याचे नमुने गोळा करते. खटला व्हायचा आहे.

आग्निया

•

लेनिनग्राड, १९ मे १९७९

आग्निया,

मला बोलावलं होतं. "हे अक्षर तुमचं?" म्हटलं, माझं. "दबावाखाली लिहिलं?" म्हटलं, नाही, बारा वर्षं दबावाखाली लिहिलं नव्हतं.

तुमानोवनं नाव मागे घेतलं. पुस्तकं परत मागवली आहेत, गोदामात पडली आहेत. समीकरण वाईट नाही असं इथले तरुण म्हणतात, दहा अंशांचे आकडे तेवढे पंचवीस धरून पुन्हा बसवत आहेत. वर तुझं नाव घालायचं ठरलं आहे. एकट्या तुझं. मी त्यांच्या खोलीबाहेर उभा राहून ऐकलं.

कार्यशाळेतून मला काढलं. शिक्का लबाडीनं मिळवला म्हणून रद्द. खोली महिनाअखेर सोडायची आहे. शेजारीण उघड बोलते, "आत्या म्हणायचास की मावशी, तिच्या मुलीलाच विकलंस?" मी म्हटलं, "मावशी."

तू केलंस त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला असं होईल हे माहीत होतं का? पूर्ण नावानं सही करताना थोडं माहीत होतं बहुधा. पण थोडंच.

खेड्यात आता कुणी नाही. घर पडलं. मला जगात एकच पत्ता तोंडपाठ आहे, तो या पाकिटावर आहे. मी एकतीसची गाडी धरतो. स्टेशनवर येऊ नकोस. दार उघडलं नाहीस तरी मी समजेन, खाणीत हमाली मिळते असं ऐकतो. एवढंच कळव, की पत्ता तोच आहे ना.

वेन्या

•

तार
सोल्यानी यार, २७ मे १९७९

पत्ता तोच. ये. मकारला लाकडी पाय बसवायचा आहे, लेनिनग्राडच्या कारखान्याचा मिळतो का बघ आणि घेऊनच ये. माफ केलेलं नाही.

आग्निया